रिपोर्टवरचा आकडा आणि घड्याळ: लिथियमविषयी वाचकांचे प्रश्न

बायपोलर विकारात मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधांबद्दल आलेल्या पत्रांत सर्वाधिक पत्रे लिथियमवर आहेत, आणि त्यांतली बरीचशी नातेवाइकांनी लिहिलेली आहेत. हे औषध फार गुणाचे आहे. पण उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत त्याच्या बाबतीत फारच कमी अंतर आहे. म्हणून उत्तरे जरा सविस्तर दिली आहेत.

प्रश्न: माझी धाकटी बहीण दोन वर्षांपासून लिथियम घेते. सकाळी ३०० आणि रात्री ६०० मिलिग्रॅम. मागच्या वेळी रक्तातली पातळी ०.७२ होती, आता त्याच डोसवर १.१५ आली. तिला त्रास काहीच नाही. लॅब चुकली असेल का?

लॅबवर शंका घेण्याआधी बहिणीला एवढे विचारा: त्या दिवशी सकाळची गोळी रक्त देण्याआधी घेतली होती का? अशी अचानक उडी दिसली की सर्वांत आधी हेच तपासायचे. साधी लिथियम कार्बोनेटची गोळी पोटातून एक ते तीन तासांत रक्तात शिखर गाठते. मग ती हळूहळू पेशींत शिरते आणि रक्तातला आकडा खाली येतो. या चढावर रक्त काढले, तर एका ३०० मिलिग्रॅमच्या गोळीनेही पातळी दोन-तीन दशांशांनी, कधी त्याहून जास्त फुगलेली दिसते. तो आकडा खोटा नसतो, पण त्याची तुलना कशाशीच करता येत नाही. कारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर ही दीर्घकाळच्या उपचाराची नेहमीची मर्यादा शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी काढलेल्या रक्तासाठी ठरवलेली आहे. तीव्र मॅनियात, म्हणजे आजाराच्या अतिउत्तेजित टप्प्यात, काही काळ ०.८ ते १.० ठेवतात, वयस्कांत बरेचदा ०.४ ते ०.६ वर भागते. हे सगळे आकडे त्याच १२ तासांच्या घड्याळाचे आहेत.

म्हणजे रात्री साडेनऊला गोळी घेतली असेल तर रक्त सकाळी साडेनऊला द्यायचे. अर्धा तास इकडेतिकडे चालेल, तीन तास चालणार नाहीत. सकाळची गोळी खिशात ठेवून जायचे आणि रक्त दिल्यावर घ्यायची. उपाशी राहण्याची लिथियमसाठी गरज नाही. शेवटची गोळी कधी घेतली आणि रक्त कधी काढले, या दोन्ही वेळा लॅबच्या फॉर्मवर लिहून घ्या. डॉक्टरांना आकड्याइतकीच त्यांची गरज असते.

दुसरी शक्यता नळीची. रक्त गोठू नये म्हणून काही नळ्यांत हेपॅरिन असते आणि ते पुष्कळदा लिथियम हेपॅरिन असते. अशा हिरव्या टोपणाच्या नळीत रक्त घेतले तर नळीतलेच लिथियम मोजले जाते. औषधाचा कणही न घेणाऱ्या माणसाची पातळी अशा नळीत उपचाराच्या मर्यादेत किंवा तिच्याही वर दिसू शकते. सॅम्पल घेणाऱ्याला ‘लिथियमची तपासणी आहे, साधी नळी वापरा’ असे सांगायला संकोचू नका.

तिसरे म्हणजे डोसची विभागणी बदलली का ते पाहा. तेच ९०० मिलिग्रॅम दोनदाऐवजी रात्री एकदम घेऊ लागले की १२ तासांचा आकडा साधारण दहा ते पंचवीस टक्क्यांनी चढतो. दिवसभरात शरीराला मिळालेले औषध मात्र तेवढेच असते.

या तिन्ही गोष्टी ठाकठीक करून पुन्हा तपासल्यावरही आकडा एकच्या वर आला, तर तो खरा धरायचा. मग जुलाब, ताप, नवे औषध, कमी केलेले मीठ आणि क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारी रक्ततपासणी) यांची चौकशी होते आणि डॉक्टर डोस कमी करतात. फेरतपासणी लांबवू नका, त्याच आठवड्यात करून घ्या. तोवर हात थरथरणे वाढले, चाल लटपटली किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले, तर तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

डोस बदलल्यावर पातळी कधी पाहायची, असेही एका पत्रात विचारले आहे. लिथियमचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातले औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, साधारण २४ तासांचे असते, वयस्कांत किंवा किडनी मंद असल्यास ३६ तास किंवा त्याहूनही जास्त. चार-पाच अर्धायुष्ये गेल्यावर पातळी एका जागी ठरते, म्हणून पाच ते सात दिवसांनी. तिसऱ्या दिवशी काढलेला आकडा अजून चढतच असतो आणि त्यावरून डोस आणखी वाढवला तर पुढच्या आठवड्यात पातळी मर्यादेबाहेर जाते. ठरलेली पातळी डोसच्या प्रमाणात बदलते, हा या औषधाचा एक चांगला गुण. ६०० मिलिग्रॅमवर ०.५ असेल तर ९०० वर ०.७५ च्या आसपास येईल, किडनीचे काम मध्ये बदलले नसेल तर.

काही लॅब मिलिमोलऐवजी मिलिइक्विव्हॅलंट लिहितात. लिथियमसाठी दोन्ही आकडे सारखेच.

प्रश्न: बाबा लिथियमवर आहेत. त्यांना आता रक्तदाबही निघाला. एका डॉक्टरांनी मीठ कमी करून गोळी सुरू केली, शिवाय गुडघ्यांसाठी ते अधूनमधून वेदनाशामक घेतात. मनोविकारतज्ज्ञ म्हणतात, मला विचारल्याशिवाय यातले काही करू नका. मिठाचा आणि मनाच्या औषधाचा संबंध काय?

तुमचे मनोविकारतज्ज्ञ बरोबर सांगतात. एका पत्रात लिथियमशी अडकणाऱ्या तिन्ही गोष्टी आल्या आहेत.

लिथियम हा सोडियमच्याच कुळातला, त्याहून हलका धातू. यकृत त्याचे विघटन करत नाही, रक्तातल्या प्रथिनांना ते चिकटत नाही, आणि जवळजवळ सगळे लघवीवाटेच बाहेर पडते. किडनीत गाळल्या गेलेल्या लिथियमपैकी सुमारे ८० टक्के परत रक्तात शोषले जाते, मुख्यतः सुरुवातीच्या नलिकेत, जिथे सोडियम शोषले जाते तिथेच. तिथे किडनीला या दोहोंत फरक करता येत नाही. शरीरात सोडियम किंवा पाणी कमी पडले की किडनी सोडियम धरून ठेवू लागते आणि त्यासोबत लिथियमही. गोळ्या तेवढ्याच, पण पातळी चढत जाते.

म्हणून मीठ अचानक कमी करायचे नाही. अचानक वाढवायचेही नाही, तसे केले तर लिथियम जास्त वाहून जाते आणि आजार उसळू शकतो. रोजचे प्रमाण एकसारखे ठेवणे हे खरे पथ्य. रक्तदाबासाठी मीठ कमी करायचेच असेल तर ते ठरवून, थोडे थोडे, आणि आठवडाभराने पातळी तपासून. हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खायला देण्याचा प्रकार १९४० च्या दशकात अमेरिकेत झाला होता. आधीच सोडियम तोडलेल्या त्या माणसांत लिथियम साठत गेले, काहींचे जीव गेले आणि १९४९ मध्ये ते मीठ बाजारातून काढून घ्यावे लागले.

रक्तदाबाची कोणती गोळी, यावर सगळे अवलंबून आहे. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोर्थॅलिडोन हे लघवी वाढवणारे घटक असतील, तर पातळी २५ ते ४० टक्क्यांनी, कधी त्याहून जास्त चढते. एकाच गोळीत दोन औषधे असतात तेव्हा हा घटक नावावरून कळत नाही, म्हणून वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचा. एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांसारखी ‘प्रिल’वाली आणि लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारखी ‘सार्टन’वाली औषधेही पातळी वाढवतात. त्यांचा धोका असा, की वाढ कधी कधी काही आठवड्यांनी दिसते. पहिल्या आठवड्याचा रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये, महिन्याने पुन्हा पाहावे. ॲम्लोडिपिनने लिथियमच्या पातळीत सहसा फरक पडत नाही, त्यामुळे बाबांच्या दोन्ही डॉक्टरांना त्यावर बोलायला सांगा.

गुडघ्यांसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन ही औषधे टाळा. किडनीतला रक्तप्रवाह मोकळा ठेवणारी प्रोस्टाग्लँडिन ती अडवतात, मग लिथियमची सुटका मंदावते. अधूनमधून घेणे तर रोज घेण्यापेक्षाही घातक, कारण रोज घेतल्यास निदान त्या हिशेबाने लिथियमचा डोस बसवता येतो. अधूनमधून घेतल्यास पातळी कधी चढली ते कोणालाच कळत नाही. पॅरासिटामॉल चालते.

प्रश्न: लिथियम तर बॅटरीतही असते. असा साधा क्षार मनावर काम कसा करतो?

पेशीत शिरल्यावर लिथियम मॅग्नेशियमची जागा अडवते. दोघांच्या आयनांचा आकार जवळजवळ सारखा असतो आणि ज्या विकरांना (एन्झाइमना) काम करण्यासाठी मॅग्नेशियम लागते त्यांतली काही त्यामुळे मंदावतात. दोन विकरांवर सर्वाधिक अभ्यास झाला आहे. पहिले इनॉसिटॉल मोनोफॉस्फेटेज. ते मंदावले की पेशीला संदेशवहनासाठी लागणारे इनॉसिटॉल पुन्हा तयार होत नाही. ज्या मार्गावर संदेशांची गर्दी जास्त तिथे त्याची चणचण आधी जाणवते. अतिउत्तेजित मार्ग शांत व्हावेत आणि बाकीचे फारसे हलू नयेत, या अनुभवाशी हे जुळते. दुसरे ग्लायकोजेन सिंथेज कायनेज-३. ते चेतापेशींची वाढ, टिकाव आणि शरीराचे दैनंदिन घड्याळ अशा अनेक गोष्टींत गुंतलेले आहे. यांतली निर्णायक कडी कोणती, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.

परिणाम मात्र पक्का आहे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये मॅनियाच्या रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. डेन्मार्कमधल्या मॉगेन्स शू यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये ते नियंत्रित चाचणीने तपासले. रोग पुन्हा उसळू न देणे आणि आत्महत्येचा धोका कमी करणे या दोन बाबतींत लिथियमइतका भक्कम पुरावा या गटातल्या दुसऱ्या औषधाकडे नाही. मॅनियावर गुण यायला मात्र एक ते तीन आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला सोबत दुसरे शांत करणारे औषध देतात.

प्रश्न: भावाला सारखी तहान लागते आणि रात्री चार-पाच वेळा उठावे लागते. त्याने पाणी कमी करावे का?

नाही. हे आम्ही ठासून सांगतो. तो पाणी पितो म्हणून लघवी होत नाही, लघवीतून पाणी निसटते म्हणून त्याला तहान लागते. किडनीच्या शेवटच्या नलिकेतल्या पेशी लिथियम सोडियमच्याच वाटेने आत घेतात. तिथे पाणी परत ओढून घेणारी ॲक्वापोरिन-२ नावाची दारे कमी होतात. मेंदूतून आलेल्या पाणी धरून ठेवण्याच्या हुकमाला किडनी दाद देत नाही. अशा वेळी पाणी तोडले तर रक्त घट्ट होते, सोडियम चढते आणि लिथियमही.

तहानेप्रमाणे प्यावे, गोड पेये टाळावीत. या औषधावर वजन वाढण्यामागे ती पेयेही असतात. २४ तासांची लघवी साठवून मोजा. तीन लिटरच्या वर असेल तर डॉक्टरांना तो आकडा सांगा. नुसते ‘खूप होते’ म्हणण्यापेक्षा त्याचा उपयोग होतो. पुढचे उपाय बहुधा याच क्रमाने होतात: डोस दिवसातून एकदाच, रात्री, मग पातळी मर्यादेच्या खालच्या टोकाला आणणे, आणि तरीही भागले नाही तर ॲमिलोराइड, जे लिथियमची पेशीत शिरण्याची हीच वाट बंद करते. त्याने लिथियम आणि पोटॅशियम दोन्ही चढू शकतात, त्यामुळे ते देखरेखीखालीच घ्यायचे.

भावावर कधी शस्त्रक्रिया होणार असेल आणि काही तास पाणी बंद ठेवायचे असेल, तर ही तक्रार भूलतज्ज्ञांच्या कानावर आधीच घाला.

प्रश्न: हात थरथरतात. कॉफी सोडली तर कमी होईल का?

कमी होईल, पण एका दिवसात सोडू नका. कॅफिन लिथियमला बाहेर ढकलते. रोज चार-पाच कप पिणाऱ्याने एकदम बंद केली तर लिथियमची पातळी सुमारे एक चतुर्थांशाने चढू शकते आणि थरथर उलट वाढते. दोन-तीन आठवड्यांत उतरवा आणि नंतर पातळी तपासा. बारीक, जलद थरथर त्रास देत असेल तर डोस थोडा कमी करता येतो किंवा प्रोप्रॅनोलॉल देतात, मात्र दम्याच्या रुग्णांना नाही.

प्रश्न: वीस वर्षे घेतले तर किडनी जाते असे ऐकले. खरे किती?

काहींची किडनी वर्षानुवर्षांच्या वापराने हळूहळू मंदावते, हे खरे आहे. बहुतेकांची निकामी होण्यापर्यंत जात नाही, हेही तितकेच खरे. सर्वांत जास्त नुकसान विषारी पातळीच्या प्रसंगांनी होते आणि ते प्रसंग टाळता येतात. क्रिएटिनिनचा एकटा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणजे झाले, असे नाही. त्यावरून काढलेला गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, दर वेळी वहीत लिहा आणि उतार पाहा. ९५ वरून तीन वर्षांत ७० झाला, तर प्रत्येक रिपोर्ट सुटा वाचणाऱ्याच्या ते लक्षातही येणार नाही.

पहिल्या वर्षी पातळी दर तीन महिन्यांनी, पुढे सगळे स्थिर असल्यास सहा महिन्यांनी. क्रिएटिनिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि कॅल्शियम दर सहा महिन्यांनी. कॅल्शियमचा विसर फार पडतो. लिथियम पॅराथायरॉइड ग्रंथीला चेतवते आणि चढलेल्या कॅल्शियममुळे थकवा, बद्धकोष्ठता, उदासी येते, जी लोक मूळ आजाराच्या माथी मारतात. थायरॉइड मंदावण्याचेही तसेच, आणि ते स्त्रियांत जास्त आढळते. त्यासाठी लिथियम सोडावे लागत नाही, थायरॉक्सिनची गोळी जोडली की काम भागते.

प्रश्न: विषबाधा झाली हे घरी कसे ओळखावे? हगवण लागली तर गोळी घ्यावी का?

उलट्या-जुलाब किंवा घाम काढणारा ताप असेल आणि पोटात पाणी टिकत नसेल, तर पुढची गोळी थांबवा, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि पातळी, क्रिएटिनिन, सोडियम तपासा. एक-दोन डोस चुकल्याने आजार लगेच उलटत नाही. बरे वाटल्यावर कधी आणि किती सुरू करायचे ते डॉक्टर सांगतील. राहिलेल्या गोळ्या भरून काढण्यासाठी दुप्पट डोस कधीही घेऊ नये.

ओळखण्याची खूण थरथरीतच आहे. नेहमीची थरथर बारीक असते, अक्षर थोडे हलते एवढेच. विषबाधेची थरथर जाड असते, कप ओठापर्यंत नेता येत नाही. सोबत पाय लटपटतात, जीभ जड होते, माणूस गुंगीत किंवा गोंधळलेला दिसतो, स्नायू मध्येच उडतात. दारू प्यायल्यासारखी चाल आणि बोलणे दिसले तर रिपोर्टची वाट न पाहता तातडीच्या विभागात न्या. १.५ च्या वर लक्षणे येऊ लागतात, २ च्या वर धोका गंभीर. पण अनेक महिने घेणाऱ्यात मेंदू आधीच लिथियमने भरलेला असतो, त्यामुळे १.३ वरही माणूस लटपटू शकतो. लक्षणे एक सांगत असतील आणि आकडा दुसरे, तर लक्षणांवर विश्वास ठेवा.

उलट प्रकारही होतो. एकदम पुष्कळ गोळ्या घेतलेल्या माणसाचा रक्तातला आकडा फार मोठा असूनही तो पहिले काही तास बरा दिसतो, कारण मेंदूत औषध सावकाश पोचते. त्याला घरी थांबवू नका. दीर्घ परिणामाच्या गोळ्या असतील तर पातळी अनेक तास चढतच राहते. विषबाधेत एरवी देतात तो सक्रिय कोळसा लिथियमला धरत नाही. उपचार म्हणजे सलाइन, सोडियमवर लक्ष, आणि गरज पडल्यास डायलिसिस. डायलिसिसनंतर पेशींतले लिथियम पुन्हा रक्तात येते, म्हणून सहा तासांनी परत मोजतात. वेळ दवडल्यास मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागाला कायमची इजा राहू शकते.

प्रश्न: लिथियम घेत असताना दिवस राहिले तर?

घाबरून त्याच दिवशी बंद करू नका. पहिल्या तीन महिन्यांत हृदयाच्या दोषांचा, त्यातही एब्स्टाइन दोषाचा (हृदयाच्या एका झडपेतल्या जन्मजात दोषाचा) धोका वाढतो, पण पूर्वी समजत होते त्यापेक्षा तो बराच कमी आहे आणि दिवसाला ९०० मिलिग्रॅमच्या वर गेल्यास अधिक. गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी करून घेतात. गरोदरपणात किडनी जास्त गाळते म्हणून पातळी घसरते आणि डोस वाढवावा लागतो. बाळंत होताच किडनी पूर्वपदावर येते आणि तोच वाढीव डोस जड होतो, म्हणून प्रसूतीनंतर लगेच पातळी पाहायची आणि पूर्वीच्या डोसवर परतायचे. स्वतःहून व्हॅल्प्रोएट या मूड स्थिर ठेवणाऱ्या दुसऱ्या औषधाकडे वळणे हा उपाय नाही. गर्भाच्या मज्जारज्जूला आणि बुद्धीच्या वाढीला त्याचा धोका लिथियमपेक्षा मोठा आहे.

प्रश्न: चार वर्षे अगदी ठीक आहे. आता थांबवू का?

चार वर्षे ठीक आहात त्यात गोळीचा वाटा किती, हे गोळी सोडल्याशिवाय कळत नाही, आणि सोडून पाहण्याची किंमत मोठी असते. एकदम सोडणाऱ्यांत पहिल्या काही महिन्यांत मॅनिया उसळण्याचे प्रमाण हळूहळू सोडणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त आहे. म्हणून डॉक्टरांशी बोलून थांबवायचे ठरलेच, तर किमान चार आठवडे, शक्यतो तीन महिने लावा. ९०० वर असाल तर ७५०, ६००, ४५० अशा पायऱ्या, प्रत्येक पायरीवर दोन-तीन आठवडे. दीर्घ परिणामाच्या गोळ्या चुरडून किंवा चावून घेऊ नका. रेघ असेल तिथेच मोडा, नाहीतर साध्या गोळ्या लिहून घ्या. घरातल्या एकाला आधीच सांगून ठेवा, की सलग दोन रात्री झोप कमी झाली आणि तरी थकवा नसला, तर त्याने थेट डॉक्टरांना फोन करायचा. मॅनियाची सुरुवात स्वतःला बहुतेकदा बरे वाटण्यासारखीच भासते, त्यामुळे हा फोन तुमच्यावर सोडू नका.